मुकं संत्रं

सरांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा एकही प्रश्न विचारला नाही. टेबलावर एक संत्रं ठेवलं, आपली खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि म्हणाले, "खा."

मी कृषी महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेलो. इस्त्रीच्या शर्टात घाम पुसत बसलो होतो. संत्रं सोललं आणि खायला लागलो. फोडी गोड होत्या, पण बियांचं काय करावं ते सुचेना. टेबलावर टाकाव्यात तर टेबल साहेबांचं, खिशात टाकाव्यात तर शर्ट नवा, आणि जमिनीवर थुंकलो तर नोकरी गेलीच म्हणायची. शेवटी एकेक करून गिळून टाकल्या. संत्रं संपलं तसे सर वळले.

"बिया कुठं गेल्या?"

"गिळल्या, सर."

"साऱ्या?"

"हो, सर."

ते शेजारच्या बडेबाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, म्हणाले, "याले घेऊन टाका. बियांचा तरास काय असते, ते याले समजलं."

अशी माझी नोकरी लागली. घरी आईला हे सांगितलं तेव्हा तिला आधी माझ्या पोटाची काळजी वाटली आणि मग साहेबांच्या डोक्याची.

आमचं फळसंशोधन केंद्र नागपूरच्या दक्षिणेला, बेसा गावाच्या अलीकडे होतं. आता तिथे घरांना घरं लागली आहेत. मी सांगतोय ती सत्तरच्या दशकातली गोष्ट, तेव्हा तिकडे सगळी शेतंच होती. कौलारू ऑफिस, एक विहीर, इंजिनाचा पंप आणि मागे संत्र्यांची झाडं, एवढाच आमचा पसारा. सरांचं क्वार्टर झाडांना लागूनच होतं. ते उंच होते, थोडे पुढे वाकलेले, आणि बारा महिने अंगात कोट. नागपूरच्या मे महिन्यात कोट घालणारा माणूस मी तोवर फक्त लग्नात, नवरदेव म्हणून पाहिला होता. पण सरांना कोट हवा असायचा तो खिशांसाठी. उजव्या खिशात कलमं बांधायचा चाकू आणि सुतळी, डाव्या खिशात बिया. कुणाच्याही संत्र्यातून निघालेल्या बिया ते मागून घ्यायचे. एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही माणूस संत्रं खाताना दिसला की सर त्याच्यासमोर जाऊन उभे. "किती निघाल्या?" एकदा आमचे बडेबाबू टायफॉइडनं मेयो हॉस्पिटलात पडले होते. सर भेटायला गेले, उशाशी संत्र्याची सालं पाहिली आणि तापाची चौकशी करायच्या आधी बियांची केली. बडेबाबू नंतर म्हणायचे, मला तेव्हाच कळलं की मी वाचणार, नाहीतर साहेबांनी आधी ताप विचारला असता.

एका पावसाळ्यात सरांचा भिजलेला कोट खुंटीवर तसाच राहिला आणि डाव्या खिशातून हिरवे कोंब बाहेर आले. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, तो कोट मला मुद्दाम बोलावून दाखवला. "लोकांच्या नवऱ्याच्या खिशात चिठ्ठ्या सापडतात," त्या म्हणाल्या, "माझ्या नशिबी काय आलं ते पाहा." आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. कोंब मात्र त्यांनी उपटले नाहीत. खिसा उसवून तसाच मातीच्या डब्यात लावला.

बियांचा हा ध्यास कशासाठी, हे सांगितलं पाहिजे. सरांना बिनबियांचं नागपुरी संत्रं करायचं होतं. "बी ही झाडाची गरज होय गा, खाणाऱ्याची नोहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यासाठी त्यांनी आमच्या झाडांच्या डोळकाड्या, म्हणजे कलम बांधायला डोळे घेतात त्या फांद्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून मुंबईच्या प्रयोगशाळेत नेल्या होत्या. तिथे त्यांना अणूचे किरण दिले. किरणांनी झाडाचा मूळ स्वभावच बदलतो. बहुतेक वेळा बिघडतो, एखाद्या वेळी सुधारतो. परत आणून ते डोळे जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटांवर बांधले. कित्येक मेले, कित्येकांना वेडीवाकडी पानं आली. वर्षांमागून वर्षं गेली आणि एका झाडाला फळ आलं, त्यात बी नव्हती. सरांनी फोडी उलटसुलट करून पाहिल्या, काकूंना पाहायला लावल्या, पंपावरच्या माणसाला बोलावून दाखवल्या. मी रुजू झालो तोवर त्या झाडाच्या कलमांची एक छोटी बाग उभी राहिली होती आणि ती फळावर आली होती.

सर-काकूंना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल घरात कधी बोलणं नसायचं. काकू कुणाच्या बारशाला, डोहाळजेवणाला जायच्या नाहीत. तशा त्या बोलक्या आणि हौशी. पण असं काही बोलावणं आलं की त्या दिवशी त्यांच्या चुलीवर नेमकं काहीतरी शिजत असायचं. आणि बोलावणी तरी कुठे फार यायची?

आता खरी गंमत इथून सुरू होते. फळ झालं, पण विकायचं कसं? पुण्याहून मोठे साहेब पाहणीला आले. चार फोडी खाल्ल्या, वा म्हणाले आणि रुमालानं हात पुसत सांगितलं, "झाड उत्तम आहे. पण बाजाराला नको असलेलं फळ सरकारी जमिनीवर किती वर्षं सांभाळायचं? या मृगबहाराचा माल अडतीवर खपवून दाखवा. नाहीतर पावसाळ्याआधी ही झाडं काढा, जागा मोसंबीला द्या."

सर फक्त "बरं" म्हणाले. साहेबांची जीप गेल्यावर ते त्या पहिल्या झाडाखाली जाऊन बसले. संध्याकाळी काकूंनी चहा तिथेच नेऊन दिला.

मृगबहाराचा, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेला, माल उतरला तेव्हा थंडी सरत आली होती. आम्ही दोघं पहिल्या पेट्या घेऊन भल्या सकाळी संत्रा मार्केटला गेलो. तिथे दादाजी नावाचे अडते, म्हणजे दलाल, होते. मूळचे नरखेड तालुक्यातले, स्वतःची बाग असलेले, आणि बाजारात त्यांचा शब्द चालायचा. त्यांची एक पद्धत होती. ढिगातलं एक संत्रं फोडायचे, फोड तोंडात टाकायचे, रस गिळून बी पुढच्या दातांनी कट्कन फोडायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "हे काटोलचं. विहिरीचं पाणी कमी पडलं." किंवा "हे आमच्या नरखेडचं. दोन दिवस आधी तोडलं." मग रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. दादाजींनी बी फोडल्याशिवाय त्यांच्या ओट्यावरचा माल उठत नसे. दिल्लीकडचे व्यापारीसुद्धा त्या कट् आवाजासाठी थांबलेले असायचे.

दादाजींनी आमचं संत्रं फोडलं. एक फोड खाल्ली, थांबले. दुसरी खाल्ली. जबडा इकडून तिकडे फिरला, जीभ सगळीकडे शोधून आली. सगळा बाजार बघत होता.

"बाप्पा! साहेब, हे तर मुकं हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बोलतच नाही ना. बी नाही तं मी याचं गाव कसं सांगू? पाणी कसं सांगू? वरून सालही हिरवट. मी कशाच्या भरवशावर भाव करू?"

"गोड हाय का नाही, ते सांगा ना."

"गोड तं गूळही असते, साहेब."

बाजार हसला. दादाजी मनानं वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला चहा पाजला, अडचणी नीट समजावून सांगितल्या. एवढ्याशा मालानं ट्रक भरत नाही. दिल्लीचा व्यापारी हिरव्या सालीला कच्चं म्हणतो. आणि नव्या मालाला कुणीतरी आधी नाव द्यावं लागतं, ते मी देणार नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि निघताना डाव्या खिशातून एक साधी बी काढून दादाजींना दिली. "घ्या, दातासाठी." बाजार पुन्हा हसला, पण या वेळी दादाजींना.

मग सरांनी ठरवलं की अडत्या नको, थेट गिऱ्हाईक गाठायचं. नागपूरच्या सदर भागात एका ओळखीच्या फळवाल्याच्या दुकानाबाहेर त्यांनी आमच्या पेट्या मांडल्या आणि स्वतःच्या अक्षरात पाटी रंगवून लावली: 'अणुकिरणांनी सुधारलेले बिनबियांचे संत्रे'. मी म्हटलं, सर, नुसतं बिनबियांचं लिहू या. ते म्हणाले, "काहून? चोरी केली का आपण?"

पाटी वाचून लोक रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. एका बाईंनी लांबूनच विचारलं, "इसमें बीज नहीं तो ये पैदा कैसे हुआ?" सरांनी चाकू आणि सुतळी काढून तिला डोळा कसा बांधतात ते पहिल्यापासून शिकवलं. बाईंनी मन लावून ऐकलं, धन्यवाद दिले आणि शेजारून केळी घेऊन गेल्या. दुपारी एक पेन्शनर गृहस्थ आले. त्यांनी पाटी दोनदा वाचली. "अंधारात चमकत तर नाही ना हो?"

हा प्रश्न सरांना फार लागला. ते म्हणाले, "या," आणि गृहस्थांना हाताला धरून दुकानात नेलं, हातात संत्रं दिलं आणि आतून शटर ओढून घेतलं. बाहेर मी आणि फळवाला. आतून सरांचा आवाज, "पाहा! चमकते का? पाहा ना!" आणि त्यावर गृहस्थांचा, "वाचवा!" बघताबघता सदरच्या रस्त्यावर ही गर्दी. शटर उघडलं तेव्हा गृहस्थ घामाघूम आणि सर विजयी. "नाही ना चमकलं?" गृहस्थ काठी उगारून गेले. फळवाल्यानं हात जोडले. "साहब, आप खड़े रहते हो तो मेरा केला भी नहीं बिकता."

पेट्या परत आल्या. ऑफिसातल्या सगळ्यांनी त्या आठवड्यात इतकी संत्री खाल्ली की बडेबाबूंच्या फायलींना वास यायचा. सर हसण्यावारी नेत होते, पण पहिल्या झाडाखाली बसणं वाढलं होतं.

तशात दादाजींचं बोलावणं आलं. त्यांची मुलगी सिंधू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिचं डोहाळजेवण होतं. दादाजींनी बाजारातल्या सगळ्यांबरोबर सरांनाही सहकुटुंब बोलावलं होतं. काकूंच्या चुलीवर नेहमीप्रमाणे काहीतरी शिजत होतं. सरांनी मात्र कोट झटकला आणि आमच्या संत्र्यांची एक सुबक डाली भरली. काकू दारात आल्या.

"अहो, ओटीसाठी ते फळ नका नेऊ."

"काहून?"

"नका नेऊ म्हटलं ना."

"फळ हाय, बॉम्ब नोहे," सर म्हणाले आणि डाली मला धरायला लावून निघाले. सगळ्या संत्र्यांची कुळकथा माहीत असलेल्या या माणसाला काकूंच्या मनातलं काही कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

दादाजींच्या शहरातल्या घरी आम्ही पुरुषमंडळी ओसरीवर बसलो होतो. आत बायका गाणी म्हणत होत्या. आमची डाली आत गेली. सिंधूच्या ओटीत तांदूळ, खण, नारळ आणि त्यावर आमची ताजी, हिरवट-पिवळी संत्री पडली. सर माझ्या कानात म्हणाले, "पाय, बाजारात नाही गेलं पण घरात तं गेलं." एवढ्यात आत कुणा आत्याबाईंनी एक संत्रं सोललं. गाणं मध्येच थांबलं.

"अवं बाई! बी नाही याच्यात! ओटीत वांझ फळ कोण टाकलं वं?"

मग एकच गलका झाला. दादाजींची बायको बाहेर आली, तिनं डाली ओसरीच्या कोपऱ्यात आदळली आणि पुन्हा ओटी भरायला दुसरी फळं मागवली. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, पोटुशी पोरीची आई होती. दादाजी सरांची माफी मागत होते आणि डालीकडे पाहणंही टाळत होते. सर न जेवताच उठले. परतताना बराच वेळ सायकल हातात धरून चालत राहिले. मग म्हणाले, "तो शब्द घरी सांगू नको गा."

मी कशाला सांगतो? पण काकूंनी सरांचा चेहरा पाहिला आणि नुसतं "वाढू का?" विचारलं. त्या क्षणी मला त्या संत्र्याचा आणि किरणांचा सगळ्यांचाच राग आला.

झाडं काढायला माणसं सांगायचं ठरलं. सर पहिल्या झाडाच्या डोळकाड्या काढून ओल्या गोणपाटात ठेवत होते, निदान घरामागे एखादं लावता येईल म्हणून. आणि त्याच सकाळी फाटकाशी दादाजींची मोटारसायकल येऊन थांबली. बाजारात छाती काढून उभा राहणारा माणूस टोपी हातात घेऊन आला.

"साहेब, ते मुकं संत्रं उरलं असन काय?"

"काहून?"

"पोट्टी दुसरं काही खाऊनच नाही राहिली. त्या दिवशीची डाली कोपऱ्यात होती ना, तिनं कोणाले न सांगता सारी संपवली. आता तिले तेच पाहिजे. मी बाजारातलं सगळ्यात भारी संत्रं नेलं, तं फेकून दिलं. म्हणते, बाबा, जन्मभर तुमच्या दाताखालचा तो कट् कट् ऐकला, मले आता बीचा आवाजही सहन होत नाही." दादाजींनी कपाळ पुसलं. "डोहाळे हायेत ना साहेब. त्याले नाही कसं म्हणावं? तिची मायही चूप बसली."

सर माझ्याकडे पाहून असे हसले की मला मुलाखतीतलं संत्रं आठवलं. ते डाली भरायला उठले तसे दादाजी घुटमळले. "आणखी एक हाय. ती म्हणते, ज्या घरचं फळ, त्या घरच्या बाईनं येऊन ओटी भरावी. पुन्हा. वैनींनी."

काकू दारातच उभ्या होत्या. चुलीवर खरोखरच भात होता. त्यांनी तो उतरवला.

पुढचं आधी सांगून टाकतो. दादाजींनी त्यानंतर आमचा माल आपल्या ओट्यावर घेतला. बी फोडता येत नव्हती म्हणून व्यापाऱ्यांना म्हणाले, "याची साक्ष माझी पोरगी." नाव पडलं सिंधूचं संत्रं. सर भडकले, त्यांना झाडाचा नंबरच नाव म्हणून हवा होता. "विज्ञान होय का बारसं?" पण माल उठला, मोठ्या साहेबांनी झाडं राहू दिली, आणि नरखेडकडच्या काही बागांत त्याची कलमं गेली. त्यानं बाजार काही जिंकला नाही, ट्रक भरून दिल्लीला कधी गेलं नाही. तरी अजून एखाद्या हिवाळ्यात हातगाडीवाला ओरडतो, "सिंधूचं घ्या, बिनबियाचं!" मी मुद्दाम विचारतो, सिंधू कोण गा? एक जण म्हणाला, "नदी असन एखादी."

पण मला आठवतो तो दादाजींच्या घरचा दुसऱ्या ओटीचा दिवस. गाणी नव्हती, गर्दी नव्हती. काकू ठेवणीतलं नागपुरी काठाचं लुगडं नेसून आल्या होत्या आणि उंबऱ्याशी येऊन थबकल्या. मी डाली घेऊन मागे उभा. आतून सिंधूनं हाक मारली, "या ना काकू, काहून उभ्या राहिल्या?"

"माह्या हातानं चालन काय वं, पोरी?"

"मले चालते. ज्याले चालत नसन त्यानं संत्रं खाऊ नये."

काकू आत गेल्या. सिंधूच्या आईनंच त्यांच्या हातात तांदळाचं सूप दिलं. इकडे ओसरीवर दादाजींनी सवयीनं एक फोड तोंडात टाकली, जबडा फिरवला, डोळे मिटले. सर टक लावून पाहत होते.

"अजून मुकंच हाय," दादाजी म्हणाले. "पण गाव समजलं. तुमच्या घरचं हाय, साहेब."

सरांनी चष्मा काढून कोटाला पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

निघताना सिंधूनं ओटीतलं एक संत्रं काकूंना परत दिलं, "दोघं मिळून खाजा" म्हणून. सर आणि काकू सायकल-रिक्षात बसले, मी बाजूनं सायकलवर. काकूंनी संत्रं सोललं, अर्धं सरांना दिलं. चावताचावता सर एकदम थांबले. तोंडातून काहीतरी काढून त्यांनी तळहातावर ठेवलं आणि मान वाकवून पाहायला लागले. बिनबियांच्या झाडावरही एखाद्या फळात असं होतं, निसर्ग काही पाटी वाचून चालत नाही.

मी सायकल जवळ घेतली आणि त्यांच्याच सुरात विचारलं, "सर, किती निघाल्या?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिया मोजणारा तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकही नाही."

आणि काकूंनी त्यांच्या तळहातावरचं ते काहीतरी उचललं, मूठ मिटली आणि घर येईपर्यंत उघडली नाही.